जेलवर बँड नाही? चूक दोन दिवस आधी शोधा

ट्रान्सइल्युमिनेटरचा (जेलखालचा यूव्ही) दिवा लागतो, लॅडरची (माहीत आकारांच्या डीएनए तुकड्यांची) लेन स्वच्छ दिसते आणि आपल्या चारही लेन कोऱ्या. अशा वेळी एमएस्सीच्या बहुतेक बॅच एकच उपाय करतात: उरलेलं सॅम्पल घेऊन जेल पुन्हा चालवतात. दुसरं जेलही तसंच येतं. लॅडर नीट दिसला याचा अर्थ जेलचं काम नीट झालं आहे. डीएनए त्याआधीच कुठेतरी हरवलेला असतो. कधी जुन्या झालेल्या लायसिस (पेशी फोडणाऱ्या) द्रावणात, कधी सेंट्रिफ्यूजच्या चुकीच्या आरपीएमवर (मिनिटाला फेरे), तर कधी वहीत न लिहिता मनातल्या मनात केलेल्या एका गुणाकारात.

मुंबई विद्यापीठाच्या कलिना इथल्या विद्यानगरी संकुलात असा की शहरातल्या एखाद्या कॉलेजात, बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजी शिकताना प्लाझ्मिड आयसोलेशन (जिवाणूंतला छोटा वर्तुळाकार डीएनए वेगळा काढणं), रिस्ट्रिक्शन डायजेशन (तो एन्झाइमने ठरावीक जागी कापणं), पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवणं) आणि अ‍ॅगरोज जेल (विजेने डीएनएचे तुकडे आकारानुसार पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, वेगळे करणं) या चार गोष्टी हातून जाव्याच लागतात. पहिल्या पायरीचं सॅम्पल दुसरीत जातं, त्यामुळे चूकही पुढे पुढे सरकत जाते. या तंत्रांची तत्त्वं तुम्हाला वर्गात शिकवलेली आहेत. इथे फक्त तयारी, क्रम आणि नेमकं काय चुकतं, एवढंच लिहितो आहे.

टप्पा १: आकडेमोड घरी करा, लॅबमध्ये नको

प्रोटोकॉलची छापील प्रत समोर ठेवून लॅबमध्ये हिशेब करू नका. आदल्या रात्री जर्नलच्या कोऱ्या पानावर प्रत्येक नळीचा तक्ता करा: काय घालायचं, किती मायक्रोलिटर, कोणत्या क्रमाने. शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण करायला जागा सोडा. घातल्याबरोबर खूण. मध्येच कोणी हाक मारली तर "मी बफर घातला होता का?" हा प्रश्न उरत नाही.

सगळ्यात जास्त चुका तीव्रतेच्या हिशेबात होतात. स्टॉकची (आधी करून ठेवलेल्या तीव्र द्रावणाची) तीव्रता गुणिले स्टॉकचं आकारमान बरोबर हवी ती तीव्रता गुणिले एकूण आकारमान, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण एककं मिसळली जातात. उदाहरण घ्या. अ‍ॅम्पिसिलिन हे प्रतिजैविक; प्लाझ्मिड असलेल्याच पेशी त्यात टिकतात. अ‍ॅम्पिसिलिनचा स्टॉक मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम आहे आणि माध्यमात मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम हवं आहे. म्हणजे स्टॉक हजारपट आहे. ५ मिलिलिटर माध्यमाला ५ मायक्रोलिटर पुरे. मी अशा नळ्या पाहिल्या आहेत ज्यांत ५० मायक्रोलिटर गेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी वाढ का कमी आली याचं कारण शोधण्यात अर्धा दिवस गेला होता.

दुसरी नेहमीची गफलत आरपीएम आणि जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) यांची. प्रोटोकॉलमध्ये "१२,००० जी" लिहिलेलं असतं आणि विद्यार्थी सेंट्रिफ्यूजवर १२,००० आरपीएम लावतात. हे दोन आकडे सारखे नाहीत. जी काढायचा असेल तर ०.००००१११८ गुणिले रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये गुणिले आरपीएमचा वर्ग. त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल तर १२,००० आरपीएमला सुमारे १२,९०० जी मिळतात, म्हणजे काम भागतं. त्रिज्या ६ सेंटिमीटर असेल तर तेवढ्याच आरपीएमला जेमतेम ९,७०० जी. त्रिज्या रोटरवर कोरलेली असते किंवा यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मिळते. एकदा पाहून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तपासा: तक्त्यातल्या प्रत्येक नळीची बेरीज एकूण आकारमानाइतकी येते का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: पिपेटवर विश्वास ठेवण्याआधी ते तोला

कॉलेजातली पिपेट वर्षाला शेकडो हातांतून जातात. सेटिंग खरं आहे का हे पाहायला पाच मिनिटं लागतात. तराजूवर छोटी नळी ठेवा, शून्य करा, १०० मायक्रोलिटर डिस्टिल्ड पाणी टाका. वजन ०.१ ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. पाच वेळा टाका. पाचही आकडे एकसारखे पण कमी असतील तर पिपेटचं कॅलिब्रेशन गेलं आहे. आकडे वरखाली होत असतील तर बहुतेक वेळा दोष हाताचा असतो.

हाताचे दोष तीन-चारच आहेत. पहिल्या थांब्याऐवजी दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढणं हा सर्वांत मोठा. त्यामुळे जास्त द्रव येतो. बटण झटक्यात सोडणं हा दुसरा. हवेचा बुडबुडा शिरतो. टिप खोल बुडवली की बाहेरून चिकटलेला द्रवही नळीत जातो. ग्लिसरॉलमधलं एन्झाइम घेताना तर टिपचं टोक फक्त पृष्ठभागाला टेकवा, कारण ५० टक्के ग्लिसरॉल टिपच्या बाहेर जाड थरासारखं राहतं आणि एकाऐवजी दीड-दोन मायक्रोलिटर जातं.

सावध: १००० मायक्रोलिटरच्या पिपेटने ५० मायक्रोलिटर मोजू नका आणि कोणतंही पिपेट त्याच्या कमाल आकड्यापलीकडे फिरवू नका. एकदा आटे बिघडले की पुढच्या सगळ्या बॅचचं नुकसान होतं.

टप्पा ३: द्रावणं, आणि मुंबईची हवा

इथे आपल्या शहराचा थेट संबंध येतो. बफरच्या कृती बहुधा २५ अंशांचा विचार करून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे एसी नसलेल्या लॅबमध्ये मे महिन्यात ३२ अंश सहज असतात. ट्रिस या नेहमीच्या बफर-रसायनाचा पीएच तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला सुमारे ०.०३. तापमान वाढलं की पीएच उतरतो. म्हणजे ३२ अंशांना पीएच ८ लावलेला बफर ४ अंशांच्या फ्रीजमध्ये गेला की ८.८ च्या आसपास पोहोचतो. म्हणून पीएच मीटर कोणत्या तापमानाला कॅलिब्रेट केलं आणि बफर कोणत्या तापमानाला वापरायचा आहे, हे दोन्ही बाटलीवर लिहा. आणखी एक: नुकतंच विरघळवलेलं, आम्ल घालून गरम झालेलं द्रावण थंड झाल्याशिवाय त्याचा अंतिम पीएच लावू नका.

ईडीटीए (मॅग्नेशियमसारखे धातू पकडून ठेवणारं रसायन) विरघळत नाही म्हणून तासभर ढवळत बसणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. ०.५ मोलर ईडीटीए पीएच ८ च्या जवळ गेल्याशिवाय विरघळतच नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या थोड्या थोड्या घालत राहा, पीएच वर आला की पांढरं गढूळ पाणी आपोआप स्वच्छ होतं.

त्या गोळ्यांचीही काळजी घ्या. पावसाळ्यात डबी दोन मिनिटं उघडी राहिली तरी गोळ्या ओलसर होऊन एकमेकींना चिकटतात. ओल्या गोळ्या तोलल्या म्हणजे आपण पाणीही तोलतो आणि द्रावण कमी तीव्रतेचं होतं. डबी उघडा, चटकन तोला, लगेच बंद करा. चिकटून ढेकूळ झालेली डबी लायसिस द्रावणासाठी वापरू नका.

एसडीएस (पेशी फोडणारं डिटर्जंट) थंडीत साखळतं. फ्रीजमध्ये ठेवलेल्या बाटलीत पांढरे स्फटिक दिसले तर ती फेकायची गरज नाही. कोमट पाण्यात ठेवून पुन्हा एकजीव करा. मात्र एसडीएसची पूड तोलताना मास्क लावा, ती हवेत उडते आणि नाकाला झोंबते.

टप्पा ४: कल्चर लावताना लोकलचं वेळापत्रक पाहा

कल्चर (माध्यमात वाढवायचे जिवाणू) ३७ अंशांना, शेकरवर, १२ ते १६ तास. एवढंच पुस्तकात असतं. प्रत्यक्षात संध्याकाळी चार वाजता कल्चर लावून विद्यार्थी डोंबिवलीला किंवा विरारला घरी जातो, सकाळी पाऊस, गाड्या उशिरा, आणि लॅबमध्ये पोहोचेपर्यंत साडेअकरा. साडेएकोणीस तास झाले. जुन्या कल्चरमध्ये पेशी मरून फुटू लागतात, अ‍ॅम्पिसिलिन संपलेलं असतं आणि प्लाझ्मिड नसलेल्या पेशीही वाढलेल्या असतात. हातात येणारा प्लाझ्मिड कमी आणि खराब निघतो.

उपाय सोपा आहे. कल्चर शक्य तितकं उशिरा लावा, सहाच्या सुमारास. लॅबच्या जवळ राहणाऱ्या एका सोबत्याशी आधीच ठरवून घ्या की गरज पडली तर तो सकाळी दहाला फ्लास्क शेकरवरून काढून ४ अंशांना ठेवेल. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी कल्चर लावूच नका. रविवारी लॅब उघडी असली तरी मेगाब्लॉक पाहिल्याशिवाय शनिवारी लावू नका.

कॉलनी घेताना प्लेटवर एक मोठी कॉलनी आणि तिच्याभोवती बारीक बारीक ठिपके दिसले, तर ठिपके घेऊ नका. मोठ्या कॉलनीने सोडलेल्या बीटा-लॅक्टमेजने तिच्या आजूबाजूचं अ‍ॅम्पिसिलिन नष्ट केलेलं असतं आणि तिथे प्लाझ्मिड नसलेल्या पेशी वाढतात. प्लेट ओतताना अगार ५० ते ५५ अंशांपर्यंत थंड झाल्यावरच अ‍ॅम्पिसिलिन घाला. हाताला फ्लास्क गरम पण सहन होण्याजोगा लागला पाहिजे.

तपासा: अ‍ॅम्पिसिलिन घातलेलं पण पेशी न घातलेलं माध्यम एका नळीत बरोबरच ठेवा. सकाळी ते गढूळ असेल तर माध्यम दूषित आहे. पुढचं सगळं थांबवा.

टप्पा ५: प्लाझ्मिड काढणं

हा टप्पा नीट वाचा, इथेच निम्मी जेलं कोरी होतात.

आधी तीन द्रावणं. पहिलं: ५० मिलिमोलर ग्लुकोज, २५ मिलिमोलर ट्रिस पीएच ८, १० मिलिमोलर ईडीटीए, थंड. दुसरं: ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ टक्का एसडीएस, खोलीच्या तापमानाला. तिसरं: पोटॅशियम अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, बर्फावर.

दुसरं द्रावण त्याच दिवशी करायचं. १० मिलिलिटरसाठी ८.८ मिलिलिटर पाणी, त्यात १० नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ०.२ मिलिलिटर, मग १० टक्के एसडीएस १ मिलिलिटर. मी एमएस्सीला असताना आमच्या बॅचला दोन महिने जुनी बाटली मिळाली होती. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहतं आणि त्याची ताकद उतरते. तीन आठवडे कोणालाच प्लाझ्मिड मिळाला नाही आणि प्रत्येक जण स्वतःच्या हाताला दोष देत राहिला. तेव्हापासून मी ही बाटली कोणालाही आयती देत नाही. प्रत्येकाने स्वतः करावी असा माझा आग्रह असतो.

आता क्रम:

१. दीड मिलिलिटर कल्चर नळीत घेऊन एक मिनिट फिरवा. माध्यम पूर्ण काढून टाका. नळी टिश्यूवर उलटी टेका, शेवटचा थेंबही निघाला पाहिजे. उरलेलं माध्यम पुढे रिस्ट्रिक्शन एन्झाइमला त्रास देतं.

२. पहिलं द्रावण १०० मायक्रोलिटर. तळाशी बसलेल्या पेशींची गाठ पूर्ण मोडा. इथे व्हॉर्टेक्स (यंत्रावर जोरात घुसळणं) खुशाल करा, कारण पेशी अजून फुटलेल्या नाहीत. नळी उजेडात धरा. एकही गुठळी दिसता कामा नये. गुठळीच्या आतल्या पेशींपर्यंत दुसरं द्रावण पोहोचत नाही.

३. दुसरं द्रावण २०० मायक्रोलिटर. झाकण लावून नळी चार-पाच वेळा हलकेच उलटीसुलटी करा. व्हॉर्टेक्स अजिबात नाही. द्रव स्वच्छ आणि शेंबडासारखा तारेचा झाला की पेशी फुटल्या. घड्याळ लावा: पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. जास्त वेळ गेला तर प्लाझ्मिडही असा उलगडतो की पुन्हा मूळ रूपात येत नाही. असा प्लाझ्मिड जेलवर दिसतो, पण एन्झाइमने कापला जात नाही.

४. तिसरं द्रावण १५० मायक्रोलिटर, लगेच आणि थंड. पुन्हा हलकेच उलटंसुलटं. दह्याच्या गुठळ्यांसारखा पांढरा साका दिसेल. पोटॅशियमबरोबर एसडीएस साखळतं आणि त्याच्यासोबत प्रथिनं आणि क्रोमोसोमचा डीएनए खाली बसतो. बर्फावर पाच मिनिटं.

५. दहा मिनिटं, किमान १२,००० जी. वरचा स्वच्छ द्रव ४०० मायक्रोलिटर काढा. सगळा ४५० मिळवण्याचा मोह आवरा. शेवटच्या ५० मध्ये पांढरा साका येतो आणि सॅम्पल खराब होतं. पांढरं काही तरंगत असेल तर तोच द्रव नव्या नळीत घेऊन पुन्हा फिरवा.

६. आयसोप्रोपेनॉल २८० मायक्रोलिटर, म्हणजे ०.७ पट, खोलीच्या तापमानाला. थंड वापरलं तर क्षारही खाली बसतात. नळी रोटरमध्ये ठेवताना झाकणाची बिजागरी बाहेरच्या बाजूला ठेवा. पेलेट (खाली बसलेला डीएनए) त्याच बाजूला, तळाशी बसतो. तो डोळ्याला दिसतोच असं नाही, पण कुठे आहे हे माहीत असेल तर तो चुकून ओतला जात नाही.

७. ७० टक्के इथेनॉल ५०० मायक्रोलिटर, पुन्हा दोन-तीन मिनिटं फिरवा, टिपने हळू काढून टाका.

८. वाळवणं. कोरड्या दिवसांत दहा मिनिटं पुरतात. जुलै-ऑगस्टमध्ये पुरत नाहीत, कारण हवाच दमट असते. भिंतीवर थेंब दिसत नाही आणि इथेनॉलचा वास येत नाही तोवर थांबा, आणि तेवढ्यावर थांबा. कडकडीत वाळलेला डीएनए सहजी विरघळत नाही.

९. पेलेट रायबोन्यूक्लिएज (आरएनए तोडणारं एन्झाइम) घातलेल्या टीई (ट्रिस आणि ईडीटीए) बफरमध्ये विरघळवा, ३० ते ५० मायक्रोलिटर. भिंतही धुऊन घ्या.

सावध: "मिसळा" हा शब्द प्रोटोकॉलमध्ये सगळीकडे तोच असतो, पण त्याचा अर्थ बदलतो. दुसऱ्या पायरीला व्हॉर्टेक्स, तिसऱ्या-चौथ्याला फक्त उलटसुलट. तिसऱ्या पायरीला व्हॉर्टेक्स केलं की क्रोमोसोमचे तुकडे होतात आणि ते प्लाझ्मिडबरोबर वर राहतात. जेलवर लांबलचक डाग दिसतो.

टप्पा ६: किती डीएनए आहे, आणि तो डीएनएच आहे का

स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या ब्लँकला (शून्य धरायच्या नमुन्याला) पाणी नको, ज्या टीईमध्ये सॅम्पल आहे तोच टीई घ्या. २६० नॅनोमीटरला शोषण १ म्हणजे दुहेरी डीएनए मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. ५० पट पातळ केलेल्या सॅम्पलचं शोषण ०.१२ आलं तर ०.१२ गुणिले ५० गुणिले ५०, म्हणजे मिलिलिटरला ३०० मायक्रोग्रॅम. तेच मायक्रोलिटरला ३०० नॅनोग्रॅम. पातळ केल्याचा गुणक विसरणं ही या पायरीची ठरलेली चूक आहे.

२६० आणि २८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास हवं. कमी आलं तर प्रथिनं राहिली आहेत. पण १.८ किंवा २ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. आरएनएही २६० लाच शोषतो आणि त्याचं गुणोत्तर २ च्या जवळ असतं. रायबोन्यूक्लिएज विसरलेल्या सॅम्पलमध्ये यंत्र १,५०० नॅनोग्रॅम दाखवतं आणि त्यातला बहुतांश आरएनए असतो. विद्यार्थी त्या आकड्यावर विसंबून डायजेशनला पाव मायक्रोलिटर घेतो आणि मग बँड नाही. म्हणून डायजेशनच्या आधी न कापलेला प्लाझ्मिड एकदा जेलवर चालवून पाहा.

टप्पा ७: डायजेशन

एकूण २० मायक्रोलिटर. मायक्रोलिटरला २०० नॅनोग्रॅमचा प्लाझ्मिड असेल तर: पाणी १२, दहापट बफर २, डीएनए ५, एन्झाइम १. याच क्रमाने. पाणी पहिलं आणि एन्झाइम सर्वांत शेवटी, कारण बफर नसलेल्या पाण्यात किंवा पातळ न झालेल्या दहापट बफरमध्ये एन्झाइम थेट गेलं तर ते बिघडतं.

एन्झाइमची नळी फ्रीझरच्या बाहेर राहण्याचा वेळ सेकंदांत मोजा. ती बर्फावर किंवा थंड रॅकमध्येच असावी आणि बोटांनी तळाशी धरू नये. एन्झाइमचं आकारमान एकूण मिश्रणाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. "कापलं गेलं नाही तर तीन मायक्रोलिटर घालू" हा विचार उलटतो: ग्लिसरॉल ५ टक्क्यांच्या वर गेलं की ईको-आर-वनसारखं एन्झाइम नको त्या जागीही कापू लागतं.

३७ अंशांना एक तास. झाल्यावर ६५ अंशांना २० मिनिटं ठेवलं की ईको-आर-वन थांबतं.

कंट्रोल दोन हवेत. एका नळीत एन्झाइमऐवजी पाणी. दुसऱ्या नळीत तेच एन्झाइम आणि ज्याचा निकाल आधीच माहीत आहे असा डीएनए. लॅम्डा (एका विषाणूचा) डीएनए कॉलेजात असतोच, तो वापरा. वेळ वाचवायला कंट्रोल गाळणारी बॅच नंतर त्याच्या दुप्पट वेळ अंदाज बांधण्यात घालवते.

टप्पा ८: पीसीआर

प्रायमरची (जिथून प्रत सुरू होते त्या लहान डीएनए तुकड्याची) नळी उघडण्याआधी फिरवा; कोरडी पूड झाकणाला चिकटलेली असते आणि उघडताना उडून जाते. २५ नॅनोमोल प्रायमर २५० मायक्रोलिटर पाण्यात विरघळवला की १०० मायक्रोमोलर स्टॉक. त्याचा १० मायक्रोमोलर कामाचा स्टॉक करून लहान लहान वाट्यांत गोठवा.

२५ मायक्रोलिटरच्या एका नळीला: पाणी १९.८, मॅग्नेशियमसह दहापट बफर २.५, प्रत्येकी १० मिलिमोलरचं डीएनटीपी (डीएनएचे सुटे घटक) मिश्रण ०.५, दोन्ही प्रायमर प्रत्येकी ०.५, टॅक (प्रती करणारं एन्झाइम) ०.२, टेम्प्लेट (ज्याची प्रत काढायची तो डीएनए) १. आता ०.२ मायक्रोलिटर कोणत्याच पिपेटने नीट मोजता येत नाही. म्हणून मास्टर मिक्स, म्हणजे सगळ्या नळ्यांचं एकत्र मिश्रण. सहा सॅम्पल, एक पॉझिटिव्ह, एक टेम्प्लेटविना, मिळून आठ. हिशेब नऊचा करा. पाणी १७८.२, बफर २२.५, डीएनटीपी ४.५, दोन्ही प्रायमर ४.५ आणि ४.५, टॅक १.८. बेरीज २१६. प्रत्येक नळीत २४, आणि वर टेम्प्लेट १.

डीएनटीपी आणि बफर पूर्ण वितळल्यावर बोटाने टिचकी मारून एकजीव करा. अर्धवट वितळलेल्या बफरचा वरचा थर जवळजवळ पाणीच असतो, मॅग्नेशियम खाली राहतं. हे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही आणि पॉझिटिव्ह कंट्रोलही फसतो.

टेम्प्लेट जास्त घातला की उत्पादन जास्त मिळेल, ही समजूत सोडा. प्लाझ्मिड असेल तर एक नॅनोग्रॅमही पुरतो. टीईमधल्या सॅम्पलचे पाच मायक्रोलिटर घातले तर त्यातला ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतो आणि टॅक चालत नाही. त्याऐवजी सॅम्पल पाण्यात पातळ करा आणि एक मायक्रोलिटर घ्या.

अ‍ॅनीलिंगचं (प्रायमर टेम्प्लेटला चिकटण्याचं) तापमान ढोबळ मानाने असं काढा: ए आणि टी प्रत्येकी २ अंश, जी आणि सी प्रत्येकी ४. वीस अक्षरांच्या प्रायमरमध्ये दहा जी-सी असतील तर ६०. त्यातून ५ वजा, ५५ पासून सुरुवात. हे सूत्र लहान प्रायमरना ठीक आहे. लांब प्रायमरना त्यावर विसंबू नका. दोन प्रायमरपैकी कमी आकडा धरायचा. एक्स्टेन्शन (प्रत लांबवणं) ७२ अंशांना, टॅकसाठी दर हजार बेसला एक मिनिट. ३० सायकल पुरे. ४० केल्या की टेम्प्लेटविना नळीतही बँड उमटू लागतात.

तपासा: टेम्प्लेटविना नळी सगळ्यात शेवटी बंद करा, आधी नाही. ती बाकीच्या नळ्यांइतकाच वेळ उघडी राहिली तरच दूषण पकडेल. आणि मास्टर मिक्स ज्या टेबलावर करता तिथे पीसीआर झालेली नळी कधीही उघडू नका.

टप्पा ९: जेल

इथे थोडक्यात. १ टक्का म्हणजे ५० मिलिलिटर बफरला ०.५ ग्रॅम अ‍ॅगरोज. फ्लास्क उकळण्याआधी तोलून ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये उडालेलं पाणी नंतर भरून काढा, नाहीतर १ टक्क्याचं जेल १.२ होतं. जेलमध्ये जो बफर तोच टँकमध्ये. घाईत टँकमध्ये साधं पाणी ओतल्याची उदाहरणं आहेत. ६० अंशांपर्यंत थंड झाल्यावर ओता, कोंब (वेल, म्हणजे सॅम्पलच्या खाचा, पाडणारी फणी) तळाला टेकू देऊ नका, अर्ध्या तासाने वर बफर ओतून मग कोंब काढा.

सॅम्पलमध्ये सहापट डाय एकास पाच या प्रमाणात. सॅम्पल वेलमध्ये न बसता वर तरंगत आलं तर इथेनॉल राहिलं आहे; पाचव्या टप्प्यातल्या आठव्या पायरीकडे परत जा. वेल काळ्या वायरच्या बाजूला. डीएनए लाल वायरकडे पळतो. इलेक्ट्रोडमधल्या अंतराच्या दर सेंटिमीटरला ५ व्होल्ट. १४ सेंटिमीटर असेल तर ७० व्होल्ट. सुरू केल्यावर इलेक्ट्रोडवर बुडबुडे दिसायला हवेत. निळा डाय दोन-तृतीयांश गेला की थांबवा. तो १ टक्के जेलमध्ये साधारण ३०० बेसच्या तुकड्याबरोबर पळतो, म्हणून लहान तुकडा शोधत असाल तर तो जेलबाहेर जाऊ देऊ नका.

सावध: इथिडियम ब्रोमाइड (यूव्हीत डीएनए चमकवणारा डाय) डीएनएत शिरून बसतं. नायट्राइल हातमोजे घाला, आणि त्याच हातांनी दाराची कडी, मोबाइल, पेन धरू नका. जेल आणि डाय लागलेल्या टिप वेगळ्या डब्यात. बेसिनमध्ये नाही, ब्लीचमध्ये नाही. यूव्हीसमोर चेहऱ्यावर शील्ड हवीच. कल्चरच्या नळ्या आणि माध्यम १२१ अंशांना २० मिनिटं ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय लॅबबाहेर जाता कामा नये. लॅबच्या काकांवर ते ढकलून निघून जाऊ नका.

टप्पा १०: जेल वाचणं

कोणती लेन कशाची, हा नकाशा लोड करण्याआधी वहीत काढा. फोटो घेतल्यावर आपल्या सॅम्पलकडे शेवटी पाहा. आधी लॅडर, मग कंट्रोल.

न कापलेल्या प्लाझ्मिडच्या लेनमध्ये दोन किंवा तीन बँड दिसले म्हणून घाबरू नका. पीळ पडलेलं रूप सर्वांत पुढे, उघडं वर्तुळ मागे. ही एकाच प्लाझ्मिडची रूपं आहेत आणि लॅडरशी ताडून त्यांचा आकार काढता येत नाही. आकार फक्त कापलेल्या लेनमधून. पीयूसी१९ या प्लाझ्मिडला ईको-आर-वनची एकच जागा आहे, म्हणून तिथे २,६८६ बेसचा एकच बँड यायला हवा. न कापलेला आणि कापलेला या दोन्ही लेन सारख्याच दिसत असतील तर एन्झाइम चाललं नाही. लॅम्डाच्या कंट्रोलकडे पाहा. लॅम्डा कापला गेला असेल तर दोष तुमच्या डीएनएत आहे, बहुधा राहिलेला क्षार किंवा इथेनॉल. लॅम्डाही कापला गेला नसेल तर एन्झाइम किंवा बफर.

लॅम्डा डीएनए हिंड-थ्री एन्झाइमने कापून केलेला लॅडर वापरत असाल तर लोड करण्याआधी ६५ अंशांना पाच मिनिटं ठेवून लगेच बर्फावर ठेवा. नाहीतर २३ आणि ४.४ हजारांचे तुकडे टोकांनी एकमेकांना चिकटतात, ४.४ चा बँड फिका पडतो आणि मोजणी चुकते.

खाली डायच्या पुढे पसरलेला ढग म्हणजे आरएनए. वेलमध्येच अडकलेला प्रकाश म्हणजे क्रोमोसोमचा डीएनए किंवा प्रथिन. पीसीआरच्या लेनमध्ये अगदी तळाशी फिकट पट्टा म्हणजे प्रायमर एकमेकांना जुळलेले.

आणि सगळंच कोरं असेल तेव्हा साखळी उलटी तपासा. लॅडर दिसतो? जेल ठीक. पीसीआरचा पॉझिटिव्ह कंट्रोल दिसतो? मिश्रण ठीक. न कापलेला प्लाझ्मिड दिसतो? आयसोलेशन ठीक. जिथे पहिल्यांदा "नाही" येईल तिथून एक टप्पा मागे जा आणि फक्त तोच पुन्हा करा. म्हणूनच प्रत्येक टप्प्यातलं निम्मं सॅम्पल पुढे न नेता उणे २० ला राखून ठेवायचं. नळीच्या झाकणावर आणि अंगावर दोन्हीकडे अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या पेनाने नाव, तारीख, प्लाझ्मिड आणि मायक्रोलिटरला किती नॅनोग्रॅम ते लिहा. मार्चमध्ये प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधी फ्रीझर उघडाल तेव्हा ती नळी शोधणारे तुम्हीच असाल.